वजन किती जाईल?

सुरतेत दिवाळी सरली की दात ‘चांगले करून घ्यायला’ येणाऱ्यांची रीघ लागते. तुळशीचं लग्न लागतं, घरोघरच्या तारखा निघतात, आणि त्याच सुमाराला अमेरिका-इंग्लंडहून दोन-तीन आठवड्यांसाठी आलेले पाहुणे दातांची कामं इथेच उरकून जायचं ठरवतात. खुर्चीत बसायच्या आधीच मोबाइल पुढे येतो. त्यावर कुणाचा तरी हसरा चेहरा असतो, बहुतेक वेळा एखाद्या नटीचा, नाहीतर रील करणाऱ्या मुलाचा. ‘‘मॅडम, असे करायचेत. किती दिवस लागतील?’’ पहिला प्रश्न दिवसांचा, दुसरा पैशांचा. तिसरा एक प्रश्न असतो आणि मी त्याची वाट बघत असते. तो फार थोडे जण विचारतात.

माझा दवाखाना उधन्याच्या बाजूला आहे. उधना, लिंबायत, नवागाम, डिंडोली हा पट्टा म्हणजे सुरतेतला खानदेश. तापी लाइनच्या गाडीने नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर, जळगावकडची माणसं आली, लूमवर, डाइंग मिलमध्ये, साड्यांच्या पॅकिंगला लागली आणि इथलीच झाली. मी नंदुरबारकडची, घरची बोली अहिराणी. त्यामुळे पेशंट टेकला की ‘‘ताई, मना दात पिवया दिखतस’’ असं मोकळेपणाने सांगतो. आठवड्यातल्या काही दुपारी मी वराछा रोडवरच्या एका दवाखान्यात कन्सल्टंट म्हणून बसते. तिथे भावनगर, अमरेलीकडून हिऱ्याच्या कामाला आलेली कुटुंबं येतात आणि मी ‘बेन’ होते. मागणी दोन्हीकडे एकच, लॅमिनेट किंवा वेनियर. दात मात्र दोन्हीकडचे वेगळे, डाग वेगळे आणि त्या डागांमागचं जगणंही वेगळं.

वेनियर म्हणजे दाताच्या पुढच्या, दिसणाऱ्या बाजूवर चिकटवायचं सिरॅमिकचं पातळ आवरण. जाडी साधारण ०.३ ते ०.७ मिलिमीटर. नुसतं हातात घेतलं तर चिमटीत तडकेल इतकं नाजूक. पण इनॅमलवर नीट बसलं, की दात आणि ते मिळून एक होतात आणि माणूस त्याने वर्षानुवर्षं जेवतो. ‘इनॅमलवर’ हे मी प्रत्येकाला पुन्हा सांगते, कारण सगळं तिथेच अडलेलं आहे. वरच्या पुढच्या दाताचं इनॅमल धारेकडे मिलिमीटरभर किंवा किंचित जास्त, मध्यावर त्याहून कमी आणि हिरडीपाशी जेमतेम ०.३ ते ०.५ मिलिमीटर. एवढाच ऐवज. इनॅमल घडवणाऱ्या पेशी दात हिरडीबाहेर येतानाच संपतात. हाड जुळतं, कातडी भरून येते, इनॅमल मात्र एकदा गेलं की गेलं. आणि सिमेंटची पकड सगळ्यात भरवशाची इनॅमलवरच असते. त्याखालचं डेंटिन उघडं पडलं की ती पकड कमी होते आणि दात शिवशिवायला लागतात.

हे सगळं मी एकदा वराछ्यात एका प्लॅनरला समजावत होते. कतारगामच्या कारखान्यात तो रफ हिऱ्यांचं मार्किंग करायचा. झोपेत दात खाण्याच्या सवयीने त्याचे वरचे चार दात आखूड झाले होते आणि हसताना ते ओठाखालीच राहायचे. माझं बोलणं मध्येच थांबवून त्याने विचारलं, ‘‘बेन, वजन केटलुं जशे?’’

वजन किती जाईल? मी ज्याची वाट बघत असते तो प्रश्न हाच. त्याच्या धंद्यात याच प्रश्नाने काम सुरू होतं. रफ मशीनवर चढते, संगणक ती कापायच्या पाच-सात तऱ्हा दाखवतो, आत डाग कुठे आहे, चीर कुठवर गेली आहे हे प्लॅनर बघतो आणि मग निशाण पडतं. मोठ्या दगडावर कित्येक दिवस नुसतं बघण्यात जातात. गोल हिरा काढायचा तर रफचं निम्मं, कधी निम्म्याहून जास्त वजन भुकटी होऊन जातं, आणि लेसर फिरल्यावर त्यातला कणही परत येत नाही. दातांचंही असंच आहे, हे त्याला मी सांगायच्या आधी कळलं होतं.

त्याच्या प्रश्नाला माझ्याकडे आकड्यात उत्तर होतं. एडेलहॉफ आणि सोरेन्सन या दोघांनी २००२ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी नमुन्याचे दात वेगवेगळ्या उपचारांसाठी घासले आणि आधीचं-नंतरचं वजन अक्षरशः तोलून पाहिलं. वेनियरसाठी दाताच्या दिसणाऱ्या भागातला ३ ते ३० टक्के भाग गेला. पूर्ण कॅपसाठी ६३ ते ७२ टक्के. मी हे सांगितल्यावर तो खुर्चीत सरळ होऊन बसला. ‘‘त्रण के त्रीस?’’ तीन की तीस? एवढा फरक कशाने पडतो, हे त्याला जाणून घ्यायचं होतं. दात मुळात कुठे आहे, रंग किती झाकायचा आहे, धार वाढवायची की तेवढीच ठेवायची, घासणाऱ्याने आधी मोजलंय की अंदाजाने हात चालवलाय, यावर तो फरक पडतो. त्याला मी सिरॅमिक लावलंच नाही. रात्री दात खाणाऱ्या माणसाचा चावा तपासल्याशिवाय तिथे सिरॅमिक लावलं तर ते तडकतं किंवा सुटतं. आधी झोपताना घालायचा गार्ड करून दिला, काही महिने तो कसा झिजतो ते पाहिलं, आणि मग काहीही न घासता कंपोझिटने, म्हणजे दाताच्या रंगाच्या रेझिनने, धारा वाढवल्या. कंपोझिट पाच-सात वर्षांत रंग धरेल, एखादा कोपरा निघेल, हे त्याला सांगितलं. त्याने होकार दिला. वजन शून्य गेलं होतं.

तेव्हापासून हा प्रश्न कुणी विचारला नाही तरी त्याचं उत्तर मी आधी देते.

उधन्याला वेगळीच माणसं भेटतात. एक मावशी मुलाच्या लग्नाआधी आल्या. फोटोत हसायचं आहे, पुढचे सहा दात ‘ते नवीन लावतात तसे’ करून द्या, म्हणाल्या. पैसे साठवून आणले होते, रुमालात बांधलेले. दात काळपट तपकिरी, हिरडीजवळ तर काळेच. लहानपणापासून मिसरी. भाजलेल्या तंबाखूची ती पूड सकाळी बोटाने घासल्याशिवाय त्यांचा दिवस सुरू व्हायचा नाही. घासून घासून दातांच्या मानेपाशी खाचा पडल्या होत्या, तिथलं इनॅमल केव्हाच गेलं होतं आणि पिवळं डेंटिन दिसत होतं. म्हणजे वेनियरची कड जिथे बसवायची, नेमकी तिथेच पकड नाही. दोन बैठकांत साफसफाई आणि पॉलिश केलं, खाचा भरल्या. खाली त्यांचे स्वतःचे दात निघाले, किंचित पिवळसर, मजबूत, एका रेषेत. आरसा दिला तर बराच वेळ एकेका दातावरून जीभ फिरवत राहिल्या. रुमालातले बहुतेक पैसे परत गेले. मिसरी सुटली का? कमी झाली, एवढं खात्रीने सांगते.

अशा किती जणांचं काम सफाईवरच भागतं. ज्यांचं भागत नाही, त्यातल्या अनेकांना ब्लीचिंग पुरतं. मापाचा पातळ ट्रे, त्यात १० टक्के कार्बामाइड पेरॉक्साइडचं जेल, दोन-तीन आठवडे रात्री घालून झोपायचं. १९८९ साली हेवूड आणि हायमन यांनी ही पद्धत मांडली आणि अजून तिच्याइतकं साधं, दाताला धक्का न लावणारं दुसरं काही मला सापडलेलं नाही. दातांत फट असेल, कोपरा तुटला असेल तर कंपोझिट. वाकडे असतील तर तारा किंवा अलायनर. सिरॅमिक या सगळ्यांच्या नंतर येतं. दवाखान्यांच्या जाहिरातींत मात्र ते पहिलं येतं आणि सोबत ‘सुलभ हप्ते’ हे शब्द असतात. आमच्या भागात चांगल्या सिरॅमिकला एका दाताचे साधारण दहा-पंधरा हजार पडतात. आठ दात म्हटलं तर लूमवरच्या माणसाची कित्येक महिन्यांची कमाई. कर्ज काढून हे करू नका, असं मी तोंडावर सांगते. त्याने माझं नुकसान होतं हे खरं, पण हप्ता फिटायच्या आत दात दुखायला लागलेली माणसं माझ्याकडेच येतात.

बाविशीतली एक मुलगी आईबरोबर आली होती. लग्न दोन महिन्यांवर. वरचे दोन दात पुढे, त्यांच्या शेजारचे आत वळलेले. बघायला आलेल्यांपैकी कुणीतरी तिच्या दातांवर काही बोललं होतं आणि घर हललं होतं. ‘‘तारा नको. सहा दात एकसारखे करून टाका, ताई,’’ असं आई म्हणत होती. मुलगी गप्प. मी कागदावर आकृती काढली. पुढे आलेला दात घासूनच ओळीत आणायचा तर इनॅमल पूर्ण जाईल, डेंटिनमध्ये उतरावं लागेल, कदाचित नसेपर्यंत जाऊन रूट कॅनल करावं लागेल. किडलेल्या दातावर रूट कॅनल करताना मला काही वाटत नाही. पण धडधाकट दाताची नस फोटोसाठी मारायची, हे माझ्या हातून होणार नाही. मग वयाचा हिशोब मांडला. उत्तम केलेलं सिरॅमिक वेनियर दहा वर्षांनी दहापैकी नऊ वेळा शाबूत असतं. पंधरा वर्षं, वीसही टिकतं. आज बाविशी आहे. पासष्टीपर्यंत किती वेळा बदलावं लागेल? दर बदलाला थोडा दात जाणार. मुलीने तेव्हा पहिल्यांदा तोंड उघडलं. ‘‘आई, मला तारा चालतील. लग्नात दिसल्या तर दिसू दे.’’ शेवटी ब्लीचिंग करून लग्न झालं आणि तारा नंतर लागल्या. त्या मुलीचं मला आजही कौतुक वाटतं.

चांगलं दिसावं असं वाटण्यात खोट काढणारी मी नाही, हेही सांगायला हवं. हसताना तळहात तोंडावर नेणारी माणसं मी रोज बघते. काहींना त्याची इतकी सवय झालेली असते की एकटी असतानाही हात वर जातो. गटाच्या फोटोत मागच्या रांगेत उभी राहणारी, इंटरव्ह्यूत ओठ मिटून बोलणारी, नव्या सुनेशी मोकळं न हसणारी सासू, यांच्या मनातलं ओझं खरं असतं. ते उतरवणं हे माझं काम आहे आणि ते मला आवडतं. म्हणूनच ते घाईत, भलत्या दातावर, भलत्या कारणासाठी झालेलं बघवत नाही.

एक मुलगा दुसऱ्या शहरात ‘वेनियर’ करून आला होता, दोन दात ठणकत होते म्हणून. एक्स-रे काढला, एक आवरण काढून पाहिलं. ते वेनियर नव्हतंच, पूर्ण कॅप होती. आतला दात चारी बाजूंनी घासून खुंटासारखा उरला होता. सात दात तसेच. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं की या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. इंग्लंडमधून स्वस्तात दात करायला तुर्कस्तानात गेलेल्या तरुणांचं असंच झालं आणि तिथल्या वर्तमानपत्रांनी त्याला ‘टर्की टीथ’ असं नाव दिलं. त्यामुळे आता मी पेशंटला एक वाक्य पाठच करून देते: कुठेही गेलात तरी विचारा, पुढूनच घासणार की चारी बाजूंनी?

आणि एक तरुण, ज्याच्या दातांकडे मी त्या दिवशी बघितलंच नाही. साखरपुडा ठरला होता, पुढचे दात मरून रंगाचे, ते पांढरे हवे होते. ‘‘आ करा,’’ म्हटलं. त्याने केला, तो अर्धाच. मी त्याला त्याचीच तीन बोटं उभी धरून तोंडात घालायला सांगितली. दोनच गेली. गालाच्या आत बोट फिरवलं तर मऊपणा नव्हता, पांढुरके कडक पट्टे लागत होते. तिखट खाल्लं की आग होते का? होते, दीड-दोन वर्षं झाली. मावा किती? दिवसाला आठ-दहा पुड्या. गुजरातेत गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, पण मावा पानाच्या टपरीवर समोर तयार होतो. सुपारीचे काप, तंबाखू, चुना, प्लॅस्टिकमध्ये घेऊन तळहातावर मळायचा. या आजाराला सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात. मूळ सुपारीत आहे, आणि यातल्या काही तोंडांत पुढे कर्करोग होतो. त्याच्या हातात आरसा देऊन मी गालाची आतली बाजू त्याला दाखवली. ‘‘मग दातांचं?’’ त्याने विचारलं. दात थांबतील, म्हटलं. तोंडाच्या सर्जनकडे चिठ्ठी दिली, तुकडा तपासायला गेला. सुदैवाने कर्करोग नव्हता. मग आइस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक रचून वरच्या आणि खालच्या दातांच्या मध्ये धरायचा व्यायाम सुरू झाला, दर आठवड्याला एक काडी वाढवायची. मावा सुटायला काड्या वाढण्यापेक्षा जास्त वेळ लागला. पांढऱ्या दातांचा विषय त्याने स्वतःच पुन्हा काढला नाही.

आता ज्यांना खरोखर वेनियर लागतात त्यांच्याविषयी. त्यांच्याबाबतीत माझा सगळ्यात जास्त वेळ मॉक-अपवर जातो. दातांचं माप घेऊन मॉडेलवर मेणाने नवे दात घडवायचे. त्या मेणावरून सिलिकॉनचा साचा घ्यायचा. मग साच्यात रेझिन भरून तो पेशंटच्या दातांवर दाबायचा आणि काही मिनिटांनी काढायचा. भूल नाही, घासणं नाही, आणि दात तात्पुरते नवे. दिव्याखाली ते बघू देत नाही. खिडकीपाशी उभं करते, कारण माणसं त्यांना दिवसाच्या उजेडात बघणार असतात. मग बोलायला लावते. वराछ्यात ‘फाफडा’ म्हणायला सांगते. ‘फ’ उच्चारताना वरच्या दातांची धार खालच्या ओठाच्या ओल्या कडेला हलकेच टेकायला हवी. ती ओठात रुतली तर दात लांब झालेत. मग ‘सुरत, सचिन, साठ’. ‘स’ला शिट्टी वाजली तर मागची बाजू किंवा धार तपासायची. हे झालं की तसंच घरी पाठवते. संध्याकाळ त्या दातांनी काढा, घरच्यांशी भांडा, हसा, फोनवर बोला, उद्या या.

दुसऱ्या दिवशी जे ऐकायला मिळतं त्यावर बरंच ठरतं. कुणी म्हणतं, मुलगा म्हणाला की मम्मी वेगळीच दिसतेस. कुणाला फार मोठे वाटतात. कुणी आठ दात ठरवून गेलेलं असतं आणि परत येऊन म्हणतं, मॅडम, मला खुपणारे दोनच होते. रंगाचंही इथेच कळतं. शेड गाइडवर सोळा नैसर्गिक छटा असतात, पण फोनवरच्या चेहऱ्यांचे दात त्या सोळांत नसतात, ते ब्लीच शेडमधले असतात. सावळ्या चेहऱ्यावर ते दात बोलणाऱ्याच्या आधी दिसतात. खिडकीपाशी उभं राहिलं की हे मला सांगावं लागत नाही.

या तात्पुरत्या दातांची गोष्ट मला फार आवडते, कारण वेनियरची सुरुवातच अशी झाली. १९३०च्या दशकात हॉलिवूडचे दंतवैद्य चार्ल्स पिंकस नटनट्यांसाठी पातळ आवरणं करायचे. कवळी चिकटवायच्या पावडरीने ती लावायची, शॉट संपला की काढून ठेवायची. बालकलाकार शर्ली टेंपलचे दुधाचे दात पडले तेव्हा कॅमेऱ्यापुढे तिच्या तोंडात अशीच आवरणं असायची. कायमची बसवण्याचा उपायच नव्हता. तो निघाला १९५५ साली, मायकेल बुओनोकोर यांनी इनॅमलवर फॉस्फोरिक ॲसिड लावून ते खरबरीत केलं आणि त्यावर रेझिन धरून राहतं हे दाखवलं तेव्हा. सिरॅमिकची आतली बाजूही ॲसिडने तशीच खरबरीत करता येते, हे १९८३ च्या सुमाराला मांडलं गेलं. आजचं वेनियर या दोन खरबरीत पृष्ठभागांच्या जोरावर उभं आहे.

वराछ्यातल्या एका बाईंचं काम मी या सगळ्या वाटेने केलं. वय तिशीच्या आसपास, अमरेलीकडच्या गावात वाढलेल्या, लग्न होऊन सुरतेत आलेल्या. दातांवर तपकिरी आडवे पट्टे, मधे मधे खळगे. फ्लोरोसिस. नर्मदेचं पाणी पाइपलाइनने त्या भागात पोहोचण्याआधीची ही पिढी बोअरवेलच्या पाण्यावर वाढली. पाण्यात फ्लोराइड लिटरला एक मिलिग्रॅमपर्यंत असावं, फार तर दीड, असं आपलं मानक सांगतं. लहानपणी, कायमचे दात हिरडीच्या आत घडत असताना, त्याहून जास्त पोटात गेलं तर इनॅमल घडतानाच बिघडतं. त्यांच्या दोन्ही मुली सुरतेत जन्मल्या, तापीच्या पाण्यावर वाढल्या, त्यांचे दात स्वच्छ. धाकटीने एकदा विचारलं होतं, ‘‘मम्मी, तुं ब्रश नथी करती?’’ हे सांगताना त्या हसल्या, आणि हात तोंडावर गेला.

आधी मायक्रोअब्रेजन केलं, म्हणजे सौम्य ॲसिड आणि प्युमिसने वरचा थर अगदी थोडा उतरवला. मग ब्लीचिंग. पांढुरके डाग बरेच मिसळले, पण तपकिरी पट्टे खोल होते आणि खळगे तर भरून येणार नव्हते. इथे वेनियर योग्य होते आणि ते करायला मला जराही संकोच वाटला नाही. वरचे आठ दात. मॉक-अप घालून त्या दोन दिवस राहिल्या, मग तो मॉक-अप न काढता त्याच्यावरूनच मी खोली मोजणारा बर, म्हणजे घासायच्या यंत्राचं टोक, चालवला. त्याने अर्ध्या मिलिमीटरच्या तीन आडव्या खाचा पडतात. खाचांच्या तळाला पेन्सिल फिरवायची आणि पेन्सिलची रेघ पुसली जाईपर्यंतच घासायचं. मॉक-अपची जाडी त्यात धरलेली असल्याने काही ठिकाणी दाताला बर लागलाच नाही. इनॅमल कापायलाही हिरा कामी येतो. आमचे बर हिऱ्याच्या भुकटीचे असतात, हे ऐकून त्यांच्या नवऱ्याला फार बरं वाटलं. तो घंटीवर, म्हणजे हिऱ्याला पैलू पाडायच्या चाकावर, काम करणारा रत्नकलाकार.

बसवायच्या दिवशी रबर डॅम लावून दात लाळेपासून वेगळे केले. मधले दोन आधी. ३७ टक्के फॉस्फोरिक ॲसिडचं निळं जेल लावलं, फ्लोरोसिसचं इनॅमल ॲसिडला दाद देत नाही म्हणून नेहमीपेक्षा थोडं जास्त वेळ ठेवलं, भरपूर पाण्याने धुतलं, वाळवलं. दात निस्तेज पांढरा दिसायला हवा. एका कोपऱ्यात चकाकी राहिली होती, तिथे पुन्हा लावलं. वेनियरच्या आतल्या बाजूला सिलेन (सिरॅमिकला सिमेंट धरायला लावणारं द्रव), मग सिमेंट, मग बोटाने हळू दाबून बसवणं. कडेने बाहेर आलेलं सिमेंट ब्रशने पुसायचं, दोन दातांमध्ये फ्लॉस ओढायचा आणि मगच लाइट द्यायचा. आठ दातांना दुपार गेली. शेवटी निळा कागद चावायला देऊन चावा तपासला, दोन ठिकाणी किंचित उतरवलं.

त्यांनी आरशात पाहिलं, नवऱ्याला हाक मारली, पुन्हा पाहिलं. मग मुलींना व्हिडिओ कॉल लावला आणि मला बराच वेळ बाजूला उभं राहावं लागलं. सूचना मी लिहूनच देते: ऊस सोलायचा नाही, दाताने पुडी फाडायची नाही, बर्फ फोडायचा नाही, सहा महिन्यांनी दाखवायला यायचं. कागद घडी करून पर्समध्ये ठेवताना त्या म्हणाल्या, ‘‘बेन, मारा भाईने पण आवा ज दांत छे.’’ भाऊही अमरेलीचाच, इथे हिऱ्याच्या कारखान्यात, लग्नाचं बघतायत, आणि त्याला असेच आठ हवेत.

मावा खातो का, विचारलं. खातो, दिवसभर.

रविवारी कारखाना बंद असतो, तेव्हाची वेळ दिली. त्याच्या नावाचा केस पेपर तिथेच काढला आणि दातांच्या रकान्याच्या आधी लिहून ठेवलं: तोंड किती उघडतं ते बघणे.